डाव्या कानामागचा खळगा

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात माझे असे कित्येक दिवस गेले की दिवसभरात तोंडून फक्त तीन वाक्यं निघायची. "दात आवळू नका. पापण्या शक्यतो लववू नका. तोच शब्द लगेच पुन्हा दिसला तर बटण दाबा." ज्यांना मी हे सांगायचे ती माणसं डोक्यावर तारांची टोपी घालून पडद्याकडे बघत बसलेली असायची. माझ्याकडे त्यांची पाठ असायची.

मी परभणीची. पनवेलच्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून आले आणि नवीन पनवेलला दोन मुलींबरोबर खोली घेतली. दोघी नोकरी करणाऱ्या, दोघींच्या कामाच्या पाळ्या वेगळ्या. मी उठायचे तेव्हा एक झोपलेली असायची आणि दुसरी गेलेली. फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमधून आमचं बोलणं चालायचं. दूध संपलं. गिझर बंद कर. वर्गातली मुलं जवळपासची, तास संपला की घरी पळणारी. कुणी वाईट वागलं असं नाही. कुणाला माझी गरजच नव्हती.

माझ्या मार्गदर्शक मॅडम मेंदूवर काम करायच्या. पन्नाशी उलटलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला विषय दिला तो असा: मोठं माणूस नवीन लिपी शिकतं तेव्हा त्याच्या मेंदूत काय बदलतं? मी सुट्टीत मोडी लिपीचा एक वर्ग केला होता, ते ऐकून त्यांनाच हे सुचलं. ज्यांना मराठी वाचता येतं पण मोडी येत नाही अशी माणसं घ्यायची. आधी एक नोंद. मग सहा आठवडे मी त्यांना मोडी शिकवायची. मग दुसरी नोंद.

नोंदीचं तत्त्व सोपं होतं. वाचता येणाऱ्या माणसाला आपल्या लिपीतला शब्द दाखवला की डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याच्या डाव्या कानामागे, डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूतली वीज क्षणभर खाली जाते. आलेखावर तिथे एक खळगा दिसतो. अर्थहीन रेघोट्या दाखवल्या तर तो खळगा उथळ राहतो. मोडी शिकण्याआधी मोडीचा शब्दही रेघोट्यांसारखाच दिसायला हवा, शिकल्यावर तिथेही खळगा पडायला हवा. पडतो का, ते मला बघायचं होतं.

सूचना फलकावर कागद लावला, ओळखीपाळखीत सांगितलं आणि बारा माणसं जमली. कळंबोलीच्या लोखंड बाजारात दुकान असलेले एक गृहस्थ होते, बेलपाड्याहून येणाऱ्या एक ताई होत्या, बाकी निवृत्त माणसं. त्यात जासईचे एक काका होते. साठीच्या पुढचे, काळेसावळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. घरचं मूळ काम मिठागराचं. मिठागरं गेली, मग ते कंटेनरच्या यार्डात लागले आणि शेवटची काही वर्षं गेटवर बसून गाड्या सोडायचं काम केलं. गावातला एक मुलगा आमच्या कॉलेजात होता, त्याच्याकडून त्यांनी ऐकलं होतं की इथे डोक्यात काय चाललंय ते दाखवणारं मशीन आहे.

फॉर्म भरायला बसले तेव्हा ते म्हणाले, "बाय, चष्मा इसरलू घरी. तूच वाच." मी वाचून दाखवला. "मराठी वाचता-लिहिता येतं का?" या प्रश्नावर त्यांनी मान हलवली आणि खाली झोकदार सही केली.

वर्ग बुधवार-शनिवारी चारला असायचा. काका तीनलाच येऊन प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसायचे. मी आत एकटीच तारा धूत असायचे, टोपीतला चिकट जेल ब्रशने काढत असायचे. पहिल्या आठवड्यात ते बाहेरूनच बोलले. दुसऱ्या आठवड्यात आत आले आणि टोपी धरून उभे राहिले, म्हणजे मला दोन्ही हातांनी ब्रश मारता यावा. मीठ कसं धरतं ते सांगायचे. पाणी किती दिवस कोंडायचं, वारा कुठला चांगला, पायांना भेगा पडल्या की काय लावायचं. मी त्यांना परभणीचं सांगायचे. माझा आवाज मला त्या तासातच ऐकू यायचा. बुधवार आणि शनिवार सोडले तर बाकीचे दिवस मी त्या दोन दिवसांची वाट बघण्यात घालवत होते, हे तेव्हा कबूल केलं नसतं.

वर्गात त्यांचं अक्षर सगळ्यांत सुंदर होतं. मी फळ्यावर मोडीचा शब्द लिहिला की ते वहीत असा उतरवायचे की बेलपाड्याच्या ताई वही हातात घेऊन सगळ्यांना दाखवायच्या. सगळे मिळून मोठ्याने वाचायचे त्यात त्यांचाही आवाज असायचा. जरासा मागून येणारा.

तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्या नोंदींचे आलेख काढायला घेतले. एकेकाचा बघत गेले. मराठी शब्दाला खळगा, रेघोट्यांना उथळ, मोडीला उथळ. सगळं पुस्तकात असतं तसं. सातव्या, काकांच्या आलेखावर थांबले. तिन्ही रेषा एकमेकींवर पडल्या होत्या. मराठी शब्द, मोडी शब्द, रेघोट्या, सगळं एकच.

मला वाटलं तार सैल असेल. काकांना सांगून पुन्हा नोंद घेतली. ते आनंदाने बसले. पुन्हा तेच. बटण मात्र त्यांनी दोन्ही वेळा अचूक दाबलं होतं, बाकीच्यांपेक्षा चांगलं.

मॅडमना दाखवलं. त्यांनी आलेख बघितला, बटणाचे आकडे बघितले आणि विचारलं, "यांना वाचता येतं का?"

"फॉर्मवर हो आहे."

"मी फॉर्मचं विचारत नाहीये."

बटणाचं काम आकार ओळखूनही करता येतं. हे मला सुचायला हवं होतं. मॅडम म्हणाल्या, "एका माणसाच्या आलेखावरून काही ठरवू नकोस. एकट्याला गाठून नीट विचार."

पुढे मी जे केलं त्याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. राग आला होता हे खरं. त्या बाकावरच्या गप्पांमध्ये त्यांनी मला फसवलं असं वाटलं होतं. त्यातून तो दिवस घाईचा होता, ते उशिरा आले, सगळे जमले होते. मी साध्या मराठीत छापलेली सूचनांची चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, "काका, हे जरा वाचून दाखवा ना सगळ्यांना."

त्यांनी खिसा चाचपला. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी चिठ्ठी घेतली, तिच्याकडे बघत राहिले. बाहेर महामार्गावरून ट्रक जात होते, खिडकीची काच थरथरत होती. लोखंड बाजारातले गृहस्थ मदतीला म्हणून चिठ्ठीत डोकावले आणि मग काहीतरी समजून मागे सरकले. काकांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, वही पिशवीत घातली आणि "येतू" म्हणून निघून गेले.

शनिवारी तीनला बाक रिकामा होता. पुढच्या बुधवारीही. मी टोपी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने घासली.

दोन आठवड्यांनी मी फॉर्मवरचा पत्ता घेऊन जासईला गेले. बसमधून उतरले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंती, एकावर एक. एका टपरीवर विचारलं. गावात शिरल्यावर दुमजली घर, पुढे ओटा, ओट्यावर काका वर्तमानपत्र उघडून बसलेले. मला बघितल्यावर त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. सुनेला म्हणाले, "कॉलेजातली बाय हाय. चहा टाक." ती आत गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "घरान कोनाला म्हाईत नाय."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"आमची बायको चौथी शिकलेली. काय कागद आला का ती वाचायची. मी पेपर धरायचू, ती भाजी निवडता निवडता बाजूला बसून हळू वाचायची. लोकांना वाटायचा मीच वाचतंय. ती गेली त्याला दोन वर्सं झाली."

"मग तुम्ही आमच्याकडे का आलात काका?"

त्यांनी बाजूचा पेपर उचलून मांडीवर घेतला. "मी दुसरीन होतू. अक्षर डोक्यान ऱ्हायत नवता. गुरुजी बोलले, तुज्या डोक्यान मीठ भरलाय, अक्षर टाकला का विरघळतंय. पोरा हसली. मी दुसऱ्या दिवसापासून बापाबरोबर मिठागरान. मना मशीनला इचारायचा होता, खरा काय हाय ते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय बोलला मशीन?"

मी सांगितलं की डोक्यात काही कमी नाही. वाचायला कुणी शिकवलं नाही एवढंच मशीनला दिसलं, आणि शिकलात तर तेही दिसेल. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण चहा आला होता, ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते त्या नजरेला काहीतरी देणं मला भाग वाटलं.

काकांना वाचायला शिकवू का, असं मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "शिकव. पण तुझ्या अभ्यासातून ते बाद झाले. ही शिकवणी आहे. दोन्ही एकत्र करू नकोस. मशीन हवं असेल तर शनिवारी सकाळी मोकळं असतं. रिपोर्टमध्ये यातलं काही येणार नाही."

तेव्हापासून शनिवारी सकाळी ते यायला लागले. मोडी नाही, साधी बाराखडी. पहिले काही शनिवार त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हात सुंदर चालायचा, क असा काढायचे की छापावा, पण त्याला क म्हणायचं ते चार मिनिटांनी विसरायचे. "विरघळला," म्हणायचे आणि पुन्हा काढायचे. सगळ्यांत आधी त्यांना म आणि ठ लागले. मीठ. मग बसवरच्या पाट्या. एका शनिवारी येऊन म्हणाले, "प-न-वे-ल. चाळीस वर्सं त्या बसला रंगावरून वळखतंय. आज वाचून चढलू." मी टाळी वाजवली. प्रयोगशाळेत त्या टाळीचा आवाज फार मोठा झाला आणि आम्ही दोघेही ओशाळलो.

इकडे माझा मूळ अभ्यास पुरा होत आला होता. अकरा माणसांच्या दुसऱ्या नोंदी झाल्या. मोडीच्या शब्दांना खळगा पडला होता, लहानसा, पण पडला होता. मी एकटीच बसून ती रेष खाली उतरताना बघितली. खोलीवर आले तर फ्रीजवर चिठ्ठी होती, सिलेंडरवाला येऊन गेला. मी तिच्याखाली लिहिलं, माझे निकाल आले. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी हसरा चेहरा काढला होता.

शिकवणीला चार महिने झाले तेव्हा काका म्हणाले, "आता बघू मशीनला." मी टोपी घातली, जेल भरला. ते ताठ बसले, परीक्षेला बसल्यासारखे. तासभर त्यांनी पापणी लववली नाही म्हटलं तरी चालेल.

आलेखात काही नव्हतं. तिन्ही रेषा पुन्हा एकमेकींवर.

मी आठवडाभर तो आलेख निरनिराळ्या तऱ्हांनी काढला. डोळ्यांची हालचाल वगळून, सुरुवातीचे शब्द वगळून, शेवटचे वगळून. मॅडमनी मला एकदा मागून बघितलं आणि म्हणाल्या, "थांब आता. एक माणूस, एक नोंद. ताठ बसून मानेचे स्नायू आवळले असतील, घाम आला असेल. दिसलं नाही म्हणजे झालं नाही असं नसतं. आणि दिसलं असतं तरी झालं असं मी तुला म्हणू दिलं नसतं." बरोबर होतं ते. पण मॅडमना जासईच्या ओट्यावर कुणी विचारलं नव्हतं, काय बोलला मशीन.

शुक्रवारी संध्याकाळी मी कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मराठीत केलेल्या तक्त्यातून एक आलेख वेगळा काढला. अकरा जणांचा, खोल खळग्याचा. वरचं ठळक शीर्षक उडवलं, रंगीत छापला आणि पिशवीत ठेवला. मी स्वतःला सांगितलं की माणूस वाचतोय हे खरं आहे, मग चित्र कुणाचं याने काय फरक पडतो.

शनिवारी मी तो काकांच्या हातात दिला. "ही बघा, रेघोट्यांची रेष वर आहे. ही शब्दांची. किती खाली गेली बघा."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बोट त्या खळग्यात ठेवलं. "यो माजा?"

"हो."

ते बघत राहिले. बोट रेषेवरून सरकत कागदाच्या तळाशी गेलं, आणि तिथे थांबलं. अक्षाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती मला दिसली नव्हती असं नाही. ती कुणी वाचेल असं माझ्या मनातच आलं नव्हतं. चार महिने मी त्यांना शिकवत होते आणि माझ्या लेखी ते अजून न वाचणारेच होते.

"स... र्वां... ची," ते म्हणाले. थांबले. मागे जाऊन पुन्हा घेतलं. "सर्वांची. स-रा-स-री." मग माझ्याकडे वळले. "बाय, सरासरी म्हंजे काय गो?"

मी सांगितलं. सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून काढलेली एक रेष.

"यान मी हाय?"

"नाही काका. तुम्ही बाद झाला होतात."

"मंग माजा दाखव."

मी संगणकावर त्यांचा आलेख उघडला. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. तीन रेषा, एकीवर एक. मी समजवायला लागले, मान आवळली असेल, घाम, एकाच नोंदीवरून काही सांगता येत नाही. ते ऐकत होते की नाही कळलं नाही.

"यो खरा ना?"

"हो, हा खरा."

"मंग योच दे छापून." मी छापून दिला. त्यांनी खालची ओळ शोधली. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या टेबलावरचं पेन घेतलं आणि सावकाश आपलं नाव लिहिलं, झोकदार सही नाही, सुटं सुटं, एकेक अक्षर. रंगीत कागद मला परत केला. "मना खोटा कागद नको देऊ परत," एवढंच म्हणाले. रागाने नाही. कुणी लहान मुलाला रस्ता ओलांडायचं सांगतं तसं.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं.

"असं पुन्हा केलंस तर मी तुला शिकवणार नाही."

"हो मॅडम."

त्या पुन्हा कामाला लागल्या. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला. "रफार वाचला त्यांनी?"

"हो. दुसऱ्या प्रयत्नात."



काका त्यानंतर सहा-सात शनिवार आले. घरून आणलेल्या वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचायचे, आधी शीर्षकं, मग पहिला परिच्छेद. आमचं बोलणं पूर्वीइतकं मोकळं झालं नाही. टोपी घासायला ते उभे राहायचे, मीठ-वाऱ्याचं मात्र पुन्हा निघालं नाही. मग सुनेचं बाळंतपण आलं आणि त्यांचं येणं थांबलं. मी फोन केला तेव्हा घरात गडबड होती, मागे बाळ रडत होतं. "आता एकटा वाचतंय," ते म्हणाले. "अडला तं इचारीन." त्यांचं अडलं नाही, किंवा त्यांनी विचारलं नाही.

माझी तोंडी परीक्षा मेमध्ये झाली. बाहेरून आलेले परीक्षक सभ्य होते. पंखा गरम हवा फेकत होता. त्यांनी रिपोर्ट चाळला, खळग्याच्या आलेखापाशी थांबून चांगलं काम म्हणाले. मग एका पानावर बोट ठेवलं.

"बारा घेतलेत, अकराच आहेत. सात नंबर का वगळला?"

"त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, सर."

"अच्छा," म्हणून त्यांनी पान उलटलं.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा म्हणून मी थांबले होते. आता येतं का, असा. मॅडम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या, त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. परीक्षकांनी पुढच्या मुलीचं नाव विचारलं.

मी बाहेर आले. जिन्यावर पुढची मुलगी फाईल छातीशी धरून उभी होती, तिच्याबरोबर तिच्या तीन मैत्रिणी. "सोपं होतं का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि खाली उतरून रिक्षा शोधायला लागले.